सापांचं बेट, बर्फाचं बेट आणि आत्याची चंची

मुलांनो, तुमच्या शाळेत ग्रीक बेटांचा इतिहास सुरू झाला आहे आणि खिऑस नावाच्या बेटाची जुनी नावं वर्गात कोणालाच सांगता आली नाहीत, असं धाकटीनं लिहिलं आहे. त्याखाली तिनं आणखी एक ओळ घातली आहे, की आजीला तर हे बेट कुठं आहे तेही ठाऊक नसेल.

मला ठाऊक आहे. ते तुर्कांच्या किनाऱ्याला लागून आहे. त्याची जुनी नावं मला तुमच्याहून लहान वयात पाठ होती, आणि ती मी तिवशाकडच्या एका कापसाच्या शेतात उभी राहून सांगितली होती. त्या दिवशी ती सांगितली नसती, तर तुमच्या पत्रावरचा इंग्रजी पत्ता मला आज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागला असता. कसं ते क्रमानं सांगते.

अमेरिकेत तेव्हा भाऊबंदांची लढाई पेटली होती. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोचत नव्हता. त्यामुळे वऱ्हाडची काळी जमीन एकाएकी जगाला आठवली. दिवाळी झाली की अमरावतीत पाहावं तिकडे कापसाच्या गाड्या. कडुनिंबाच्या फांद्यांना, भिंतींना, गाईंच्या पाठींना पांढरे पुंजके चिकटलेले असत. पोळीवरसुद्धा तंतू सापडे, आणि आई म्हणे, लक्ष्मीचा केस आहे, कुरकुर करू नका. रेल्वे अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. गाड्या अकोल्यावरून पश्चिमेला रेल्वे गाठायला जात, आणि परतताना गाडीवान बैलांच्या शिंगांना नव्या चकचकीत शेंब्या घालून येत.

माझे वडील तिवशाजवळच्या एका गावचे. गाव वर्धा नदीच्या अंगाला, कौंडण्यपुरापासून फार लांब नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या घराण्यातून शिकायला बाहेर पडलेले ते पहिलेच. एलिचपूरच्या छावणीत एका साहेबाकडे कारकुनी करताना ते इंग्रजी शिकले, आणि संध्याकाळी दिवा लावून झाला की मला शिकवत. शेजारणी आईला विचारत, पोरीला कलेक्टर करायचं आहे का? आई म्हणे, आधी मुळाक्षरं तरी संपू द्या.

अमरावतीत वडिलांना दुभाष्याचं काम मिळालं, ते कापूस खरेदी करायला आलेल्या एका ग्रीक व्यापाऱ्याकडे. तो उंच होता, मिशा पिकत चाललेल्या, आणि तोंडात सदा काहीतरी चघळत असे. संध्याकाळी तो कधीकधी आमच्या ओट्यावर येऊन बसे. त्याला घरची आठवण येई आणि मला इंग्रजी बोलायला कोणी हवं असे. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही परक्या जमिनीवर चालणारी, त्यामुळे एकमेकांना बरोबर कळत.

तो खिऑसचा. त्याच्या वडिलांच्या लहानपणी बेटावर मोठी कत्तल झाली होती आणि वाचलेली घरं जहाजांतून देशोदेशी पांगली. तो स्वतः बेटावर फार राहिलाही नव्हता. पण पांगलेल्या माणसाला गावाचं पुराण जास्त पाठ असतं. बेटाचं एक नाव ओफिउसा, म्हणजे सापांचं बेट. दुसरं पितिउसा, म्हणजे चीडवृक्षांचं बेट. तिसरं माक्रिस, लांबट बेट. आणि खिऑस हे नाव बर्फावरून आलं म्हणतात. समुद्राच्या देवाला तिथल्या एका अप्सरेपासून मुलगा झाला, तो जन्मला त्या दिवशी बर्फ पडला, म्हणून मुलाचं नाव बर्फावरून ठेवलं आणि बेटाचं नाव मुलावरून.

मी म्हटलं, आमच्या गावालाही पुष्कळ नावं आहेत. औदुंबराची झाडं होती म्हणून उदुंबरावती, तिचं उमरावती झालं, आता अमरावती म्हणतात. तो हसला आणि म्हणाला, विलायतेच्या बाजारात आणखी एक आहे, तिथं तुमच्या कापसालाच 'उमरा' म्हणतात. आमच्या अंबादेवीच्या गावाचं नाव समुद्रापलीकडे कापसाच्या गासड्यांवर, गाठींवर लिहिलेलं असतं, याचा मला इतका अभिमान वाटला की मी आत जाऊन आईला सांगून आले.

इतिहासही त्यानं सांगितला. इराणच्या बादशहाच्या सैनिकांनी बेट जिंकलं तेव्हा ते हातात हात धरून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रांगेनं चालत गेले आणि माणसं धरली. मेळघाटात शिकारीला हाका घालतात तसंच. त्याच्या जरा आधी बेटावरच्या एका शाळेचं छप्पर, मुलं अक्षरं गिरवत असताना कोसळलं होतं. शंभरावर मुलं होती, एकच जिवंत बाहेर आलं. मी विचारलं, त्यात मुली होत्या का? तो म्हणाला, नसाव्यात, तेव्हा मुलींना शाळेत घालत नसत. मी म्हटलं, चला, म्हणजे मुली तरी सुखरूप राहिल्या. वडील मला रागावले, पण तो कितीतरी वेळ हसत होता. त्या दिवशी त्यानं चघळायच्या डबीतला एक खडा मलाही दिला. काचेच्या मण्यासारखा, आणि चावला की मऊ होणारा. एका झाडाचा डिंक आहे, म्हणाला, बेटाच्या दक्षिणेकडची झाडं एका साधूचा छळ झाला तेव्हा रडली, तेव्हापासून हे अश्रू गळतात. झाडं दुसरीकडे लावली तर जगतात, पण असा डिंक देत नाहीत. मला तो वास कुठंतरी घेतल्यासारखा वाटला. कुठं, ते काही केल्या आठवेना.

आता अडचण. आमच्याकडचा कापूस विलायतेत बदनाम व्हायला लागला होता. त्यात पालापाचोळा, माती, सरकीचे तुकडे येत. व्यापाऱ्याच्या वरच्या लोकांनी कळवलं, की या हंगामात स्वच्छ कापूस आला नाही तर अमरावतीचं दुकान बंद. दुकान बंद म्हणजे वडिलांची नोकरी गेली. नोकरी गेली की आम्ही गावी परत, आणि गावी आत्याचं राज्य. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, की पोर गावात आली की पाटी चुलीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात गुप्त काय राहतं?

आत्या वडिलांची मोठी बहीण. लवकर विधवा झालेली, माहेरीच राहून सगळी शेती एकटीनं पाहणारी. गावातल्या वेचणाऱ्या बाया तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या, आणि कापूस स्वच्छ होतो तो वेचणारीच्या बोटांत. बोंडाला चिकटलेला वाळका पाला बाजूला ठेवून नुसता कापूस काढायचा तर हात सावकाश चालतो. ते करवून घेणारी आत्याच. म्हणून वडिलांनी ठरवलं, की हंगामाचा कापूस आपल्या गावातूनच घ्यायचा, आणि तो ठेवायला आत्याच्या मोकळ्या जागेत मांडव घालायचा.

वडील गावी जाऊन हे सांगून आले आणि तिथंच त्यांनी घोळ केला. लोकांनी विचारलं, हा इंग्रजच ना? वडिलांना वाटलं पाहुण्याचा मान वाढवावा. ते म्हणाले, छे, हा इंग्रज नव्हे. आपल्या पुराणात यवन म्हणून लोक येतात ना, त्यांतला हा.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खपलं असतं. आमच्या गावात नाही. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, आणि आमचा सगळा मुलूख स्वतःला वधूपक्ष समजतो. श्रीकृष्ण आमचा देव नंतर, जावई आधी. अधिक महिन्यात घरच्या जावयाला अनारशांचं वाण देण्याआधी आमच्या गावात ते देवळात त्याला जातं. नैवेद्याला उशीर झाला तर बाया म्हणतात, जावई रुसला. आणि पुराणातला यवन म्हटल्यावर त्यांना एकच माहीत, काळयवन, ज्यानं मथुरेला वेढा घातला आणि कृष्णाला पळायला लावलं. जावयाच्या वैऱ्याच्या कुळातला माणूस आमच्या शिवारात कापूस न्यायला येणार, असं गावभर झालं. वेचणाऱ्या बायांनी सांगितलं, त्याच्या गाडीत आमच्या हातचं बोंड पडणार नाही. आत्यानं निरोप धाडला, की वेचणी कोणासाठी करायची ते सीतादहीच्या दिवशी शेतात ठरेल.

सीतादही तुम्ही पाहिलेली नाही. पहिल्या वेचणीआधी बाया शेतात दगड मांडून सीतामाईची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि थोडा शेतात शिंपडतात. तोवर कापसाला कोणी हात लावत नाही. मग सगळ्या तिथंच जेवतात आणि ओटी बांधून वेचायला लागतात.

आम्ही पहाटे दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून निघालो. वडील, व्यापारी आणि मी. मी हट्टानं गेले. पश्चिमेला मृगाचे तीन तारे अजून दिसत होते. व्यापाऱ्यानं बोट दाखवलं आणि म्हणाला, तो बघ आमचा शिकारी. मी म्हटलं, ते तर हरीण आहे, मधले तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण, शिकारी तो मागचा मोठा तारा. तिवशापर्यंत आमचा वाद चालला. वडील झोपायचा प्रयत्न करत होते.

शेतात पोचलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ओळीनं बसल्या होत्या आणि आत्या बाभळीखाली. व्यापाऱ्यानं टोपी काढून वाकून नमस्कार केला. कोणी हलली नाही. वडील बोलू लागले तर आत्यानं हात वर केला.

"तू नको बोलू. तू त्याचं मीठ खाऊन राहिला. दुसरं कोनी हाय का त्याची वळख सांगनारं?"

मी पुढं झाले. आत्याची भीती मला वाटत नव्हती असं नाही, पण पाटीची काळजी जास्त होती. मी म्हटलं, मी सांगते, मला त्याच्या गावाचं सगळं पुराण येतं.

बायांत खसखस पिकली. एक म्हणाली, माय वो, पोरगी कीर्तनकार झाली. आत्या म्हणाली, सांग.

मी नावांपासून सुरुवात केली. सापांचं बेट म्हटल्यावर एकीनं कपाळाला हात लावला. दुसरी समोरच्या कपाशीकडे बोट करून तिला म्हणाली, आपल्या पऱ्हाटीत का साप कमी हायेत? बर्फ म्हणजे काय ते सांगायला मला वेळ लागला. गारा माहीत होत्या, म्हणून म्हटलं, गारांचं पीठ केलं तर जसं होईल तसं, आणि ते आवाज न करता पडतं. ते सगळ्यांना आवडलं. गावाचं माहात्म्य सांगताना देवाचा जन्म यावाच लागतो आणि इथं तो आला, त्यामुळे बाया जरा सैल होऊन बसल्या.

मग त्या शिकाऱ्याची कथा सांगितली. बेटाचा राजा दारूच्या देवाचा मुलगा. त्याची मुलगी एका राक्षसाएवढ्या शिकाऱ्यानं मागितली. राजा म्हणाला, आधी बेटावरची सगळी हिंस्र जनावरं मार. त्यानं मारली. राजा तरी आज देतो, उद्या देतो करत राहिला.

"द्यायची नव्हती तं सरळ नाई म्हनाव," आत्या म्हणाली. "आपल्या रुक्मिनीचा भाऊ बी असाच आडवा आला. जगात सारे एकच."

बायांनी माना हलवल्या. मी पुढं गेले. दोघांत भांडण झालं आणि राजानं शिकारी झोपलेला असताना त्याचे डोळे फोडले. तेव्हा त्याला कोणीतरी सांगितलं, की उगवत्या सूर्याकडे चालत जा, डोळे परत येतील. पण आंधळ्याला पूर्व कशी कळणार? त्यानं लोहाराच्या भट्टीवरचं एक लहान पोर उचलून खांद्यावर बसवलं. पोर वाट सांगत गेलं, तो चालत गेला, समुद्रातूनसुद्धा. सूर्याचा किरण डोळ्यांवर पडला आणि त्याला दिसायला लागलं. मेल्यावर तो आकाशात गेला. आपण ज्याला मृग म्हणतो तो तोच. ज्या ताऱ्यांवर आपण पेरणीचा हिशेब धरतो, त्याच ताऱ्यांखाली त्याचं गाव आहे.

मग आत्यानं विचारलं, "अन्‌ त्या पोराचं काय झालं?"

मी व्यापाऱ्याला इंग्रजीत विचारलं. त्यानं खांदे उडवले. पुढचं कथेत नाही, म्हणाला.

"पाय बरं," आत्या म्हणाली. "राक्षसाले डोये देल्ले पोरानं, अन्‌ पोराले कोनी पुसतच नाई."

ती हे बोलली आणि तिनं कमरेची चंची सोडली. तिचं पोट बरेचदा दुखे, आणि दुखू लागलं की ती चंचीतून एक खडा काढून तोंडात टाकी. तसा तिनं टाकला. वास आला आणि मला एकदम सगळं आठवलं. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले की येणारा हाच वास. मी विचारलं, आत्या, हे काय आहे?

"रुमी मस्तकी. हकिमाची. काहून?"

मी व्यापाऱ्याकडे हात केला आणि त्याला डबी काढायला सांगितली. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं काढली. मी त्यातला एक खडा आत्याच्या तळहातावर ठेवला. तिनं तो हुंगला, उन्हात धरून पाहिला, आपल्या खड्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखे.

मी म्हटलं, "आत्या, हे झाड जगात त्याच्याच बेटावर रडते. दुसरीकडे कुठीच नाई. तू इतकी वर्सं त्याच्याच गावचं खाऊन राहिली."

आमच्याकडे नियम सोपा आहे. ज्याचं खाल्लं, त्याला दारातून परत लावता येत नाही. माझ्या वडिलांना मिठाचा टोमणा तिनंच मारला होता, आणि सगळ्या बायांनी तो ऐकला होता. आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिनं खडा तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. मग ती हसली. आत्या हसली म्हणजे पोट हलेपर्यंत हसायची, आणि तिच्यामागून सगळा धुरा हसू लागला. व्यापारीही हसला, कशाला ते न कळता.

मग ती बायांना म्हणाली, काळयवन तसाही यवनांचा नव्हताच. पुराणात तो एका ऋषीचा लेक आहे, यवन राजानं फक्त पाळला. याच्या कुळाशी त्याचा काय संबंध? हे तिला आधीही ठाऊक असणारच. पण पुराणातला आधार माणूस मन वळल्यावरच शोधतो, हे मी त्या दिवशी शिकले, आणि पुढं अकोल्यात भलेभले वकील पाहिले तेव्हा ते खरंच ठरलं.

तिनं व्यापाऱ्याला बायांच्या ओळीसमोर मातीत बसवलं आणि पळसाच्या पानावर दहीभात वाढला. त्यानं हातानं खाल्ला. भात बोटांतून गळत होता, आणि बाया त्याला घास कसा बांधायचा ते लांबून हातवारे करून शिकवत होत्या. त्यानं पुन्हा मागितला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, जावयाच्या वैऱ्याला भूक बरी हाय. आत्या म्हणाली, आता तो पाव्हना हाय, तोंड सांभाळा.

जेवण होताच बायांनी ओट्या बांधल्या. मीही बांधली. त्या दिवशी आत्या स्वतः ओळीओळीनं फिरली आणि जिच्या ओटीत पाला दिसला तिला परत पाठवलं. मलाही दोनदा पाठवलं. संध्याकाळी गाडीत जो कापूस पडला तो दह्यासारखा पांढरा होता. पहिल्या गाडीच्या बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या, आणि ती अमरावतीच्या बाजारात शिरली तेव्हा शेजारच्या अडत्यांनी उठून कापसात हात घालून पाहिला. वडील गाडीपुढं चालत होते. मी त्यांना इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं. दुकान राहिलं. नोकरी राहिली. पुढच्या हंगामाला आजूबाजूच्या गावांनी स्वतःहून निरोप पाठवले, की आमच्याही बाया पाला काढून वेचतील.

आणि पाटीचं? आम्ही दमणीत बसलो तेव्हा आत्या चाकाजवळ आली. वडिलांना वाटलं मांडवाच्या जागेबद्दल बोलेल. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हिले शिकव. थांबू नको. वाट दाखवनाऱ्या पोराले त्यायनं नाई पुसलं, आपून पुसू."

ती बोलून गेली ते तिनं पाळलं. अकोल्याच्या मंडळींनी मला मागणी घातली तेव्हा तिनंच बैठकीत अट घातली, की पोरीची पुस्तकं पोरीबरोबर येतील. त्यांनी मान्य केलं. पुढं इथं अकोल्यात मी मुलींना शिकायला बसवलं, तेव्हा पहिली पाटी तिनं गावाहून पाठवली होती, हळदकुंकू लावलेली.

तेव्हा धाकटे, उद्या वर्गात मास्तरांनी पुन्हा विचारलं तर उभी राहा. ओफिउसा, पितिउसा, माक्रिस, खिऑस. सापांचं, चीडांचं, लांबट, बर्फाचं. एवढं सांगून खाली बसू नकोस. पाचवं नावही सांग. ते तिवशाकडच्या आमच्या गावात अजून चालतं. कोणी लांबून आलेला पाहुणा दिसला की म्हाताऱ्या विचारतात, हा का मस्तकीच्या गावचा हाय? मास्तर म्हणतील, हे पुस्तकात नाही. त्यांना म्हण, आजीनं सांगितलं आहे, लिहून घ्या.